दहाव्याच्या आधी

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ४९ वर्षांची. नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते, एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांची मुलगी तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. तिला आठवड्यातून तीनदा घेऊन जाणारे मामा रोज डोळ्यासमोर असतात, म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये मी आधार नंबर टाकून अवयवदानाचा अर्ज भरला. कार्ड आलं. रात्री जेवताना सगळ्यांना दाखवलं आणि घरात जे सुरू झालं ते अजून निवलेलं नाही.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "डोळे देऊन गेलीस तर पुढच्या जन्मी आंधळी येशील. आणि अर्धवट देहाला गती मिळत नाही." मिस्टर गप्प. मुलगा पुण्याला नोकरीला असतो, त्या दिवशी घरी होता. "तुला काय करायचंय ते कर, मी सही करणार नाही," असं म्हणून ताटावरून उठला. माझी बहीण म्हणते, असं कार्ड असलं की डॉक्टर पेशंटला वाचवायचा प्रयत्नच करत नाहीत, अवयव पैसेवाल्यांना विकतात. मला बारा वर्षांपासून डायबेटिस आहे, माझं काही उपयोगी तरी पडेल का? आणि घरच्यांना न विचारता माझी इच्छा पुरी होईल अशी काही कायदेशीर सोय आहे का? देह माझाच आहे ना?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. घरच्यांना बाजूला ठेवून इच्छा पुरी होईल अशी सोय प्रत्यक्षात नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, २०११ च्या दुरुस्तीनं त्वचा, हाडं यांसारख्या ऊतीही त्यात आल्या. माणसानं जिवंतपणी लिहून ठेवलेल्या इच्छेला त्या कायद्यात मान आहे. पण वेळ येते तेव्हा डॉक्टर आयसीयूच्या बाहेर येऊन जवळच्या नातेवाइकालाच विचारतात आणि त्याची संमतीपत्रावर सही झाल्याशिवाय रुग्णालय पुढे जात नाही. नवरा किंवा मुलगा "नको" म्हणाला की विषय तिथेच संपतो, मग फोनमध्ये कार्ड असो वा नसो. मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली आहेत. माणूस गेल्यावर पाकिटातून कार्ड निघालं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता, असं मी पाहिलं आहे. त्या कार्डाचं पुढे काहीच झालं नाही.

ही पद्धत मला चुकीची वाटत नाही. जाणारा जातो, त्या रात्रीचं ओझं घेऊन राहिलेल्यांनाच जगायचं असतं. त्यांच्या मनाविरुद्ध काही झालं तर ते ओझं दुप्पट होतं. म्हणून तुमची खरी खटपट कायद्याशी नाही, घरातल्या तीन माणसांशी आहे. त्यांच्यापुढे तुम्ही कार्ड ठेवलंत, हेच पुष्कळ जण करत नाहीत.

मुलगा ताटावरून उठला म्हणजे त्याला अवयवदान पटत नाही, असा अर्थ तुम्ही लावलात. मी तसा लावत नाही. सुट्टीवर घरी आलेला पोरगा, आईच्या हातचं जेवतोय, आणि आई भात वाढता वाढता सांगते की मी मेल्यावर अमुक करा. त्यानं अवयवदान वगैरे काही ऐकलंच नाही हो. "मी मेल्यावर" एवढंच ऐकलं आणि घास उतरेना. "सही करणार नाही" म्हणजे "तुला काही होऊ देणार नाही", असं मला वाटतं. त्याच्याशी पुन्हा बोला, पण जेवताना नको, आणि सगळ्यांसमोरही नको.

आता माझ्या घरचं सांगते. हे मी सहसा लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ मोहदरी घाटात मोटरसायकलवरून पडला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचा मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि तिथेच, बिलाच्या खिडकीपाशी, उभ्या उभ्या अवयवदानाचं विचारलं. आजूबाजूला औषधांच्या पावत्या घेतलेली माणसं रांगेत. आई मटकन खाली बसली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्यातली. दुसऱ्यांच्या घरच्यांना हेच विचारणं माझं काम होतं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. कायदा पाठ होता, तपासण्या माहीत होत्या. त्याला स्वतःला काय वाटलं असतं, तेवढं मात्र माहीत नव्हतं. आम्ही कधी बोललोच नव्हतो. वहिनी म्हणाली, "त्याला कापू नका हो." मी मान हलवली आणि आम्ही नाही म्हणून सांगितलं.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या देवळांच्या शिखरांवर बसलेले, एकही खाली येईना. तुम्ही नाशिकच्या, तो वेळ कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. वडील हात जोडून म्हणाले, तुझं कर्ज मी फेडीन. वहिनी म्हणाली, पोरांना शिकवीन. मी म्हटलं, आईला मी बघीन. पाऊण तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मी ओल्या पायरीवर बसून एकच गोष्ट मनात घोळवत होते. काय राहिलं रे तुझं, हे आज आम्ही कावळ्याकडून ओळखायला बसलोय. दिवाळीत तो शेजारी बसून फराळ करत होता, तेव्हा विचारलं असतं तर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं असतं.

सासूबाईंशी बोलताना मला हाच रस्ता बरा वाटतो. त्यांना विज्ञान समजावू नका, "तुमच्या अंधश्रद्धा" हा शब्द तर चुकूनही काढू नका. त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आई, दहाव्याला कावळा शिवला नाही की आपण विचारतो ना, काय राहिलं म्हणून? माझं काय राहील ते मी आजच सांगून ठेवतेय." सात-आठ दशकं रामकुंडाच्या गावात काढलेल्या बाईला हे कळतं. गेलेल्याची इच्छा पुरी करणं हा धर्माबाहेरचा विचार नाही, त्यांच्याच धर्मातला आहे.

देह अर्धवट राहण्याचं म्हणाल, तर त्यावरही आपल्याच रीतीत उत्तर आहे. परमुलखात गेलेल्या, पुरात वाहून गेलेल्या, देहच न सापडलेल्या माणसासाठी पळसाच्या पानांचा देह करून पालाशविधी करतात, आणि त्यालाही गती मिळते असं मानतात. जिथे देहच नाही तिथे अडत नाही, तर दोन डोळ्यांसाठी कसं अडेल? आणि आपण पूर्ण देह घेऊन जातो तरी कुठे? कुणाचं गर्भाशय काढलेलं असतं, कुणाचं अपेंडिक्स, साखरेनं कुणाचा अंगठा गेलेला असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं देवानं दिलेलं भिंग काढून कृत्रिम बसवतात. त्या सगळ्यांना अग्नी दिलाच ना आपण, आणि अस्थी रामकुंडात सोडल्याच ना?

पुढच्या जन्माचं मला सांगता येणार नाही, या जन्मातलं सांगते. नेत्रदानात वापरतात ती बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती. जखमेनं, जंतुसंसर्गानं, लहानपणीच्या दुखण्यानं ती पांढरी पडली की माणसाला उजेड दिसतो पण चेहरा दिसत नाही. मागचा सगळा डोळा धडधाकट, फक्त खिडकीची काच आंधळी झालेली. ती काच बदलली की दिसायला लागतं. त्या चकतीत रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे रक्तगट जुळवायची भानगड सहसा नसते. पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०५ साली झाली, म्हणजे हे काही नवं खूळ नाही. डोळे घ्यायला वीस मिनिटं पुरतात, पापण्या नीट मिटवून देतात, चेहरा झोपल्यासारखाच राहतो. अंत्यदर्शनाला आलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या बहिणीची शंका मी हलक्यात घेत नाही. हीच शंका मी रुग्णालयाच्या बाकड्यांवर शेकडो वेळा ऐकली आहे आणि विचारणारी माणसं वेडी नव्हती. "छाती वर-खाली होतेय, हात गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतात आणि तुम्ही म्हणता मेला?" दुसरी शंका याच्या बरोबर उलट: "मेलेल्याला बिल वाढवायला ठेवलंय." एकाच घरातले दोघे एकाच वेळी या दोन्ही गोष्टी बोलताना मी ऐकले आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, बहिणीला वाचायला द्या.

हृदयाला धडधडायला मेंदूची गरज नसते. त्याचा ठोका त्याच्या आतच तयार होतो, प्राणवायू मिळत राहिला की ते चालत राहतं. श्वासाचं तसं नाही. श्वासाचा हुकूम मेंदूच्या बुडाशी असलेल्या देठातून येतो, त्याला मेंदूस्तंभ म्हणतात. डोक्याला जबर मार लागला किंवा मोठा रक्तस्राव झाला की कवटीच्या आत सूज येते, दाब वाढतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. देठ मेला की श्वास कायमचा बंद. छाती वर-खाली होते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. कोमा निराळा. कोमातल्या माणसाचा मेंदू आजारी असतो पण मेलेला नसतो, त्यातून माणसं परत आलेली आहेत. मेंदूमृत अवस्थेतून कुणी परत येत नाही. सहसा काही तासांत किंवा काही दिवसांत, मशीन चालू असूनही हृदय थांबतं.

आणि हे ठरवतात कसं? एका डॉक्टरच्या सांगण्यावर नाही. चार डॉक्टरांची समिती लागते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही डॉक्टर तिच्यात चालत नाही. तपासण्या एकदा करून भागत नाही, किमान सहा तासांनी पुन्हा सगळ्या करायच्या. मी काचेच्या या बाजूनं त्या पाहिल्या आहेत. डोळ्यांत टॉर्च मारतात, बाहुली आक्रसत नाही. बुबुळाला कापसाचं टोक लावतात, पापणी लवत नाही. कानात बर्फाचं पाणी घालतात, डोळे हलत नाहीत. घशात नळी खाली सारतात, ठसका येत नाही. सगळ्यात शेवटी ॲप्निया टेस्ट. आधी भरपूर प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर काढतात आणि उघड्या छातीकडे बघत उभे राहतात. आठ-दहा मिनिटं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. ज्याच्या मेंदूत थोडीशीही धुगधुगी उरली आहे तो अशा वेळी श्वास घेतोच, न घेऊन सांगतो कुणाला? एका मुलाच्या वडिलांना डॉक्टरांनी ती टेस्ट पाहू दिली होती. शेतकरी माणूस. पूर्ण वेळ ते मुलाच्या पोटाकडे टक लावून होते, स्वतःचा श्वास धरून. टेस्ट संपली तेव्हा ते मला म्हणाले, "आता कळलं." आधीचे दोन दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून जे समजावलं होतं, त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आता "प्रयत्नच करत नाहीत" याबद्दल. अपघाताचा पेशंट आत येतो तेव्हा कॅज्युअल्टीतला डॉक्टर कार्ड शोधत बसत नाही, त्याला रक्तदाब सांभाळायचा असतो. शिवाय पेशंट नीट सांभाळला नाही तर अवयवही खराब होतात. कमी प्रयत्न करून अवयव मिळत नाहीत, पूर्ण प्रयत्न फसल्यावरच हा प्रश्न येतो.

विकण्याबद्दलही खरं ते सांगते. आपल्या देशात किडनीचे गैरव्यवहार झाले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातले बहुतेक जिवंत माणसांचे: गरिबाला गाठायचं, खोटी कागदपत्रं करून त्याला नातेवाईक दाखवायचं. त्यासाठीच कायद्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. मृत्यूनंतरच्या दानात अवयव कुणाला जायचा हे उपचार करणारं रुग्णालय ठरवत नाही. आपलं नाशिक पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे येतं, सगळे त्याला झेडटीसीसी म्हणतात. प्रतीक्षायादी त्यांच्याकडे. रक्तगट, किती दिवसांपासून नाव आहे, प्रकृती किती गंभीर आहे, हे पाहून यादीप्रमाणे नाव निघतं. देणाऱ्याच्या घरच्यांना घेणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाही. संमती दिल्यानंतर दात्याला सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च घरच्यांवर टाकता येत नाही, नियम तसा आहे. पोलीस केस असेल तर शवविच्छेदन होतंच, त्यासाठी पोलिसांची परवानगी घेऊन दान करता येतं.

तुमचा डायबेटिस. हे मनाशी ठरवून बाद होऊ नका. साखर असलेल्या माणसाचे डोळे चालतात, चष्मा असला तरी चालतात, मोतीबिंदू काढलेला असला तरी चालतात, म्हणजे सासूबाईंच्या वयालाही अडचण नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असे काही आजार सोडले तर नेत्रपेढी नाही म्हणत नाही. किडनी-लिव्हरचं काय ते त्या वेळी डॉक्टर तपासून ठरवतील.

आणि एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कार्ड भरणाऱ्या बहुतेकांना ती कुणी सांगत नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंडं हे अवयव मृत्यूनंतर द्यायचे तर सहसा माणूस आयसीयूमध्ये, व्हेंटिलेटरवर, मेंदूमृत झाला तरच देता येतात. घरी, झोपेत, वयानं गेलेल्या माणसाचे ते देता येत नाहीत. देव करो आणि तुमचं माझं मरण तसंच येवो. मग आपल्या हातात राहतात डोळे आणि त्वचा, दोन्ही सहा तासांच्या आत. त्वचा मांडीची आणि पाठीची, वरचा पातळसा थरच घेतात, रक्त येत नाही. ती त्वचापेढीत वर्षानुवर्षं टिकवता येते आणि भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर झाकण म्हणून घालतात. त्याचं स्वतःचं कातडं पुढे येईपर्यंत तेच त्याला जंतूंपासून वाचवतं. स्टोव्ह, गॅस आणि त्याहून वाईट कारणांनी भाजलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. त्यांचं ड्रेसिंग बदलताना मला तिथे थांबवत नसे.

देहदान हा निराळा विषय आहे, त्याची गल्लत करू नका. त्यात संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी जातो. अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह सहसा तिथे घेत नाहीत, डोळे दिलेले असले तर चालतं. अवयवदानात मात्र देह शिवून, स्वच्छ करून घरी येतो आणि अमरधामला नेता येतो, जसा सगळ्यांचा नेतात तसाच.

शिपाईमामांच्या मुलीमुळे तुम्ही हे सुरू केलंत, म्हणून तिच्या आजाराबद्दल थोडं. निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार आमच्याकडे डायलिसिसला यायचे. किडनी बंद, म्हणजे लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच राहणार. दिवसाला पाण्याचं माप ठरलेलं. त्यांच्या बायकोनं एका स्टीलच्या पेल्याला आतून खूण केली होती. औषध गिळायचं पाणी, चहा, आमटीतलं पाणीसुद्धा त्याच मापात. एप्रिलमध्ये ते बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायचे. बागेला ठिबकनं किती लिटर जातं ते तोंडपाठ असलेला माणूस, आणि स्वतःला घोटभर मोजून. चार तास मशीनला हात लावून पडायचं, उठलं की पायात गोळे, दुसऱ्या दिवशी जरा बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सूज. अशी साडेचार वर्षं.

एका रात्री फोन आला आणि ते पुण्याला गेले. मृत्यूनंतरच्या दात्याची किडनी मिळाली. जोडलेली किडनी कधी टेबलावरच काम सुरू करते, कधी काही दिवस घेते. त्यांची तिसऱ्या दिवशी सुरू झाली. महिनाभरानं फॉलोअपच्या वाटेवर आम्हाला भेटायला आले, हातात तांब्या. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी तो तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. काही बोलले नाहीत. त्यांची बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

हे सगळं गोड नाही. नवा अवयव शरीर परका समजतं, त्याला नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, घड्याळ लावून. त्यामुळे साधा तापही अंगावर काढायचा नाही. खर्च आहे. पंधरा वर्षं चाललेल्या किडन्या मी पाहिल्या, वर्षभरात गेलेल्याही पाहिल्या. तरी डायलिसिसच्या खुर्चीवरून उठून कुणी पुन्हा बागेत जातं, ही केवढी गोष्ट आहे.

देशात २०२३ मध्ये १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे त्या वर्षी फक्त १,०९९ होते. बाकीचे बहुतेक अवयव जिवंत माणसांनी, घरातल्यांनी दिलेले. आणि घरातल्या कुणी? देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याची किडनी गेली की बायकोनं द्यायची, मुलाची गेली की आईनं. ती मनापासून देत असेल तर तिचे पाय धरावेत. पण "तूच दे" असं कुणी तोंडानं न म्हणताही तिच्याभोवती जे गोळा होतं ते मी जवळून पाहिलं आहे. मृत्यूनंतर देणारे वाढले तर त्या बायकांना खऱ्या अर्थानं हो किंवा नाही म्हणता येईल. मला या कामात राहावंसं वाटलं त्याचं हे एक मोठं कारण.

शिपाईमामांना विचारा, मुलीचं नाव प्रतीक्षायादीत आहे का. डायलिसिस सुरू आहे म्हणजे आपोआप नाव लागलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, प्रत्यारोपण करणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालयामार्फत नाव लावावं लागतं. घरातलं कुणी द्यायला तयार असून रक्तगट जुळत नसेल, तर तशाच दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल कायद्यानं करता येते. हेही त्यांना सांगा.

आता मिस्टर. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजी वाटली ती त्यांच्या गप्प बसण्याची. वेळ आली तर पहिली विचारणा त्यांनाच होईल, आणि गप्प माणूस अशा वेळी शेजारच्याकडे बघतो. शेजारी मुलगा असेल. म्हणून मुलगा पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा तिघांनी कुठेतरी बाहेर जा, सोमेश्वरला, गंगापूर धरणावर, कुठेही. माझं काय करा हे तुम्ही सांगून झालं आहे, ते पुन्हा सांगू नका. त्यांना विचारा: "तुमचं काय? तुमच्या बाबतीत मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?" तुमच्या घरात हा प्रश्न अजून कुणी कुणाला विचारलेला नाही. उत्तर "नको" आलं तर ते नीट ऐकून घ्या, वाद घालू नका. त्यांचा नकार तुम्ही जपणार आहात हे दिसलं, की तुमचा होकार जपणं त्यांना सोपं जाईल. सासूबाईंनाही असंच विचारा. त्यांना डोळे द्यायचे नसतील तर तेही वहीत लिहा, तारीख घालून.

मग घरी येऊन दोन कामं करा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर काढून कॅलेंडरच्या खिळ्याला कागद अडकवा. अवयवदानाबद्दल काही विचारायचं असलं तर नोटोचा, म्हणजे अवयवदानाचं काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा, १८००-११-४७७० हा नंबर आहे, तोही त्यावर लिहा. खाली हेही लिहा: फोन लगेच करायचा, पंखा बंद, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली दोन उशा, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार. घरात माणूस गेलेला असताना हे कुणाला आठवत नाही, भिंतीवरचं दिसतं.

दुसरं, कागद कुठे आहे ते मुलाला दाखवून ठेवा. मोठी बहीण म्हणून सांगते, त्या वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवा, मोठा झाला असला तरी. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा. वाट बघते.